‘ड’ जीवनसत्त्वाचा धडा

ताई,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. लोक येतात, खांद्यावर हात ठेवतात, म्हणतात, मंदा, रडून घे, मोकळी हो. मी रडत नाही याचंच त्यांना टेन्शन. आता त्यांना कसं सांगू, की मला रडायचं नाहीये, भांडायचंय. आणि जिच्याशी भांडायचं ती भांडण अर्धवट टाकून निघून गेली. तुझी जुनी खोड ही. तास संपल्याची घंटा झाली की खडू खाली ठेवायचा आणि निघायचं, फळ्यावरचं वाक्य अर्धं राहिलं तरी.

बत्तीस वर्षं तू शिरवण्याच्या शाळेत विज्ञान शिकवलंस. पण तुझी पहिली विद्यार्थिनी मी, हे तू कुणाला सांगायची नाहीस, कारण मी बारावीला नापास झाले होते. तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, डोक्यानं यथातथा. तूच माझा कान धरून मला पुन्हा बारावीला बसवलंस, मग डीएमएलटीला, म्हणजे लॅबच्या कोर्सला घातलंस, तूच फॉर्म भरलास, तूच वाशीच्या त्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी सोडायला आलीस आणि मालकाला म्हणालीस, ‘हिचा हात हलका आहे, बाकी मी बघून घेईन.’ हात खरंच हलका निघाला. आज सव्वीस वर्षं मी लोकांचं रक्त काढतेय. हे सगळं तुझ्यामुळे, हे मला मान्य आहे. तू हे मला दर सणाला ऐकवायचीस, तेही लक्षात आहे.

जीवनसत्त्वांचा तो धडा तू मला स्वयंपाकघरात शिकवला होतास, पोळ्या लाटता लाटता. ब आणि क पाण्यात विरघळतात. अ, ड, ई आणि के मेदात. पाण्यात विरघळणारं जादा झालं तर लघवीवाटे निघून जातं. मेदातलं जात नाही, अंगात साठून राहतं, म्हणून ते मोजून घ्यायचं. मी चुकले की लाटणं ओट्यावर आपटायचीस. मला तो धडा अजून पाठ आहे. मग तू कशी विसरलीस, एवढंच मला कुणीतरी सांगा.

दोन वर्षांपूर्वीचं आठव. तुला खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागायला लागला. जिना चढताना मांड्या भरून यायच्या, पाठ दुखायची, फरशीवर बसलीस की उठायला भावोजींना हाक. तुझा नवरा मोठा सज्जन माणूस, पण त्यांचं सगळ्यावर एकच उत्तर, वय झालं. तुमच्या डॉक्टरांचंही तेच. तूही तेच म्हणायला लागलीस. मी एका रविवारी आले, तुला मोरीतून उठताना पाहिलं आणि तिथल्या तिथं पिशवीतून सुई काढली. तू ओरडलीस, ‘अगं, निदान हात तरी पुसू दे.’ तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. ‘ड’ इतकं खाली, की मी मशीनवर पुन्हा लावून बघितलं.

कमी का असणार नाही? जन्मभर तू उन्हाला घाबरलीस. सकाळची शाळा, लांब बाह्या, डोक्यावर छत्री, तोंडाला ओढणी. आई सांगायची, काळी पडशील, कोण करेल तुला. लग्न होऊन तीस वर्षं झाली तरी तू ते विसरली नव्हतीस. त्यात तुमचा पहिल्या मजल्याचा फ्लॅट, समोर टॉवर उभा राहिल्यापासून बाल्कनीत ऊन फिरकत नाही. उरलीसुरली बाल्कनीही काच लावून खोलीत घेतलेली. मी तुला बसवून समजावलं, तू मला समजावायचीस तसं. कातडीवर ऊन पडलं की अंगात ‘ड’ तयार होतं. ते असलं तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात येतं, नसलं तर तू कितीही दूध पी, हाडं मऊ पडणार, स्नायू दमणार. तू चष्मा पुसत म्हणालीस, ‘मला काय सांगतेस, मीच शिकवलंय तुला.’ पण तुझे डोळे भरले होते. दुखणं खरं आहे, मनाचे खेळ नाहीत, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं तुला. ते मी म्हटलं. आपल्या सगळ्या आयुष्यात मी तुझ्या उपयोगी पडले असा तो एकच दिवस, आणि त्याची मला इतकी घमेंड होती की विचारू नकोस.

डॉक्टरांनी लिहून दिलं. साठ हजार युनिटची पुडी, दुधातून, आठवड्याला एक, आठ आठवडे. मग पुन्हा तपासणी. सरळ होतं. तिसऱ्या आठवड्यापासून तुझी चाल सुधारली. दोन महिन्यांत तू जिना चढून थेट गच्चीवर गेलीस आणि तिथून मला फोन केलास. म्हणालीस, ‘मंदे, इथून खाडी दिसते गं. वीस वर्षं राहतेय, मला माहीतच नव्हतं.’

तिथं थांबली असतीस तर आज मी तुला पत्र लिहीत बसले नसते. पण थांबणं तुला कधी जमलं? तुला बरं वाटलं म्हणजे जगाला बरं वाटायलाच हवं. सेक्रेटरीशी भांडून गच्चीची किल्ली मिळवलीस. सोसायटीतल्या बायका जमवल्यास, चटया टाकल्यास, सकाळी दहा ते अकरा. ‘ऊन मंडळ’ नावही तूच ठेवलंस. खरं सांगते, मला ते आवडलं होतं. ज्या बायका गॅस, देव्हारा आणि टीव्ही यांच्यामधल्या दहा पावलांत वर्ष काढायच्या, त्या बाह्या दुमडून उन्हात बसून मटार सोलायला लागल्या. खालच्या मजल्यावरच्या साळवीबाई, ज्यांना कुणी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, त्या तिथं नकला करायच्या. हे श्रेय तुझं. मी कंजूष असले तरी एवढं देते.

पण तुझ्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी टाकला? तूच. खालच्या मेडिकलवाल्याला तो दाखवला की पुडी मिळायची. कुणाचं वजन किती, कुणाला मुतखडा, कुणाचं ‘ड’ आधीच बरं आहे, कोण बघतंय. मॅडमनी सांगितलंय ना, मग झालं. तुझी पुन्हा तपासणी राहिली ती राहिलीच. आठ आठवडे संपले, पुड्या संपल्या नाहीत. मग आठवड्याच्या दोन झाल्या. मग सकाळच्या दुधात रोज एक, वर कॅल्शियमच्या गोळ्या. औषध तू कधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेतलं नसतंस. तापाची गोळीसुद्धा अर्धी मोडून घ्यायचीस. पण हे तुझ्या लेखी औषधच नव्हतं. जीवनसत्त्व होतं. ज्याच्या नावातच जीवन आहे ते रोज घेतलं तर बिघडलं कुठं, असं तुझं शास्त्र.

मंडळाला वर्ष झालं तेव्हा तू मला बोलावलंस. गच्चीवर ढोकळा, कैरीचं पन्हं, बायकांनी माळलेले गजरे. तू उभी राहून बोलत होतीस, हातात खडू नव्हता एवढाच फरक. आणि मी माझ्या कानांनी ऐकलं. तू म्हणालीस, ‘रोज एक घ्यायला घाबरू नका. जादा झालं तर लघवीवाटे निघून जातं.’

मी हसले, ताई. मोठ्यानं हसले. त्या हसण्यात सगळं होतं, बारावीचा निकाल, ओट्यावर आपटलेलं लाटणं, दर सणाला ऐकवलेले उपकार. म्हटलं, ‘अगं, निघून जातं ते ब आणि क. ड मेदात साठतं. तूच शिकवलंस ना मला? बत्तीस वर्षं पोरांना हेच चुकीचं शिकवलंस की काय?’ दोघी-तिघी फिसकन हसल्या. तुझा चेहरा मी पाहिला. तू पन्ह्याचा पेला खाली ठेवलास आणि अगदी शांतपणे म्हणालीस, ‘मंदा, तू सुया टोचणारी. टोचत राहा. मला शिकवू नकोस.’

मी पर्स उचलली आणि जिना उतरले.

त्यानंतर नऊ महिने आपण बोललो नाही. लोकांना वाटतं, बहिणी भांडतात, त्यात काय एवढं. त्यांना हे माहीत नाही, की त्या दिवशी मी तुझी चूक सांगितली, पण त्या चुकीनं काय होतं ते सांगितलं नाही. जादा ‘ड’ झालं की रक्तात कॅल्शियम वाढत जातं. आधी तहान लागते, पोट साफ होत नाही, अन्न नको होतं, मग विसरायला होतं, मग मूत्रपिंडं बसतात. उन्हातून कितीही घेतलंस तरी शरीर स्वतःच पुरे म्हणतं. पुडीला कोण पुरे म्हणणार? हे सगळं मला येत होतं. पाच वाक्यं होती. मी ती जपून ठेवली, कारण मला वाटत होतं, येईल ती. काहीतरी दुखेल-खुपेल, नाइलाजानं हात पुढे करेल, मी रक्त काढीन आणि रिपोर्ट तिच्यासमोर ठेवीन, एक शब्द न बोलता. किती वेळा मी तो प्रसंग मनात रंगवला. त्यात तू दरवेळी मान खाली घालायचीस.

दिवाळीत भावोजी फराळाचा डबा घेऊन आले. तुझ्या हातचे अनारसे होते, पण बिघडलेले, कडक. तू कधी अनारसे बिघडवले नव्हतेस. भावोजी म्हणाले, ‘हल्ली ती पाणी फार पिते गं. तांब्या घेऊनच हिंडते. काल गॅस चालू ठेवून झोपली. साखर असेल का?’ ताई, त्या क्षणी मला कळलं. खोटं बोलणार नाही तुझ्याशी. आणि मी त्यांना काय म्हटलं? ‘तिला लॅबमध्ये पाठवून द्या. मी काही येणार नाही.’

भावोजींनी तुला सांगितलं असणार. तू आली नाहीस. तीही तुझीच जात. जी बाई तुला हसली तिच्यापुढे बाही वर करायची? मेलीस तरी नाही. तसंच केलंस.

आणि मी त्याच दिवसांत रोज सकाळी होम कलेक्शनला तुमच्या नेरूळमध्येच होते. तुमच्या समोरच्या टॉवरमध्ये आठवड्यातून दोनदा एका आजोबांचं रक्त काढायला जायचे. त्यांच्या खिडकीतून तुमची गच्ची दिसायची. चटया दिसायच्या. आजोबांचा हात हातात धरून मी बघायचे, तू कुठली ते शोधायचे. नोव्हेंबरात तू उभी राहून बोलताना दिसायचीस. जानेवारीत भिंतीला टेकून बसलेली. मग दिसेनाशी झालीस. मी स्वतःला सांगितलं, थंडी असेल.

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा तुझ्या रक्तातल्या कॅल्शियमचा आकडा मी भावोजींकडून दोनदा वदवून घेतला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काही सप्लिमेंट घेत होत्या का? भावोजी म्हणाले, ‘नाही हो, फक्त व्हिटॅमिन.’ मी दारात उभी होते. पुढचं मी सांगितलं. किती, कधीपासून, रोज. डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, बहीण. लॅबमध्ये असते हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

सलाईन, इंजेक्शनं, डायलिसिस. सगळं झालं. मेदात साठलेलं इतक्या लवकर निघत नाही, धड्यात लिहिलंय तसं. चौथ्या दिवशी तू डोळे उघडलेस. मी तुझ्या तळव्याला तेल लावत होते. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, ‘उशिरा आलीस. मागच्या बाकावर बस.’ नर्स हसली, म्हणाली, आजींना शाळा आठवतेय. मला नाही माहीत तू कुणाला म्हणालीस ते, शाळेतल्या पोरीला की मला. मी स्टूल ओढून तुझ्या पायाशी बसले. सहाव्या दिवशी दुपारी हृदयाचे ठोके चुकायला लागले आणि तू गेलीस. मी एवढं म्हणणार होते, ताई, मी हसायला नको होतं. तुला ऐकू येत होतं तोवर माझ्या तोंडातून ते निघालं नाही.

भावोजींनी सगळ्यांना सांगितलं, किडनीचा आजार. मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मंदा, पुड्यांचं कुठं बोलू नकोस. शिक्षिका होती. लोक म्हणतील, हिनं स्वतःच्या हातानं केलं. मेलेल्या माणसाची शोभा नको.’ मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. मलाही ते बरंच वाटलं, तुझी अब्रू झाकली की माझीही झाकली जात होती. दहाव्याच्या दिवशी करावेहून नेहमी मासळी घेऊन येणारी मावशी दारात बसून रडत होती. ती म्हणाली, ‘मॅडम हल्ली पानी लय मागाच्या माज्याकं. मना तवाच वाटला, यांचा काय तरी बिघडलेला हाय. मी बोलली, दाक्तरला दाखवा. हसल्या नुसत्या.’ बघ, टोपली घेऊन बसणाऱ्या बाईनं तुला सांगून तरी बघितलं.

तेराव्यानंतर मंडळानं सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. तुझा फोटो, हार, अगरबत्ती. बायका एकेक करून बोलल्या, रडल्या. शेवटी साळवीबाई उठल्या. म्हणाल्या, मॅडमनी आम्हाला अंधारातून उन्हात आणलं. मॅडम गेल्या तरी त्यांचा नेम आम्ही मोडणार नाही. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, मॅडमची आठवण म्हणून रोजची पुडी चालू ठेवायची. अकरा जणींनी माना डोलावल्या.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच नकारार्थी मान हलवली. मी बसून राहू शकले असते, ताई. तुझा फोटो समोर होता, त्यात तू छान दिसतेस. मी उठले. म्हटलं, ‘माझी बहीण किडनीच्या आजारानं गेली नाही. रोजच्या पुडीनं गेली. ती चुकली होती. तिनं तुम्हाला सांगितलं ते चूक होतं.’ आणि मग ती पाच वाक्यं सांगितली. तहान, पोट, अन्न, विसर, मूत्रपिंडं. या वेळी हसले नाही. त्याच बायकांपुढे, तुझ्याच फोटोसमोर, मी दुसऱ्यांदा तुझी लाज काढली. भावोजी मधूनच उठून गेले. अजून ते माझा फोन घेत नाहीत. तुझ्या मुलानंही पुण्याहून मेसेज केला, मावशी, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

काल सकाळी मी पेटी घेऊन तुमच्या गच्चीवर गेले. न बोलावता गेले. अकरापैकी सात जणी आल्या. चटईवर बसून मी एकेकीचं रक्त काढलं, नळ्यांवर नावं लिहिली. साळवीबाई सगळ्यात शेवटी बसल्या. त्यांचे ओठ कोरडे होते, शेजारी पाण्याची बाटली. मी पट्टा बांधला, म्हटलं, मूठ आवळा. त्यांनी आवळली आणि विचारलं, ‘तुम्हाला हे सगळं आधीपासून माहीत होतं?’

‘हो,’ मी म्हटलं.

‘मग मॅडमना का नाही सांगितलंत?’

नळी भरत आली होती. मी सुई काढली, कापूस ठेवला. खोटं सुचलंही होतं, पण तुझ्या गच्चीवर बसून ते बोलवेना. म्हटलं, ‘तिनं विचारलं नाही म्हणून.’

साळवीबाईंनी कापूस दाबून धरला. माझ्याकडे न बघता, बाही खाली ओढत त्या म्हणाल्या, ‘विचारलं तर आम्हीही नव्हतं.’